चिमणीच्या दातांचा पेरू

अनुसया वाघमारेच्या जिभेची कीर्ती मिरजेच्या मंडईत पूर्वीपासूनच होती. एखाद्या गिऱ्हाइकानं चाकवताची जुडी उलटीपालटी करून परत ठेवली, की ती जीभ जे काही बोलायची त्यानं भलेभले पुढच्या गाळ्याकडं सटकायचे. पण ही जीभ एक दिवस दवाखान्यातल्या यंत्राखाली जाईल आणि डॉक्टर मंडळी ती बघायला खुर्च्या सोडून उठतील, असं कुणाला वाटलं नव्हतं. खुद्द अनुसयेलाही नाही.

त्याचं झालं असं, की २०४४ साली मंडईत तपासणीचं शिबिर लागलं. एक कागदी पट्टी चाटायची, मनगटावर तासभर एक चकती चिकटवून ठेवायची आणि जाताना छत्री घेऊन जायचं. अनुसयेला छत्री हवी होती. तिनं पट्टी चाटली. बाकीच्यांची पट्टी फिकी गुलाबी व्हायची, हिची बघता बघता वांग्यासारखी जांभळी झाली. रक्तवाहिन्या किती लवचिक आहेत हे चकती नाडीच्या लाटेवरून ओळखायची आणि त्यांचं वय सांगायची. अनुसया तेव्हा सदुसष्ट वर्षांची. चकती म्हणाली, एक्केचाळीस. तपासणाऱ्या मुलीनं चकती बदलून पाहिली, तरी एक्केचाळीसच.

"यंत्र बिघडलं असंल," अनुसया म्हणाली. "छत्री तेवढी द्या."

दोन वर्षांनी एका सकाळी डॉक्टर रेवती हुक्केरी मंडईत तिला शोधत आली. तिशीची, सडपातळ मुलगी. भाजी घ्यायला आलेली नाही हे तिच्या हातात पिशवी नव्हती त्यावरूनच कळत होतं.

"आजी, तुमच्या जिभेचं काम आहे," ती म्हणाली.

"मग बसा की. गिऱ्हाईक येईस्तवर बोलू."

रेवती पोत्यावर बसली आणि समोरच्या जुड्यांकडं हात करून तिनं समजावायला सुरुवात केली. या पाल्यात, बिटात, माठात नायट्रेट नावाचा क्षार असतो, तो जमिनीतून आलेला. पोटात गेला की रक्तात उतरतो. मग शरीर एक अजब गोष्ट करतं. लाळेच्या ग्रंथी तो क्षार रक्तातून वेचून पुन्हा तोंडात आणून सोडतात. कारण पुढचं काम माणसाच्या शरीराला स्वतःला नीटसं येत नाही. ते जिभेच्या मागच्या खरखरीत भागात राहणारे जीवाणू करतात. नायट्रेटमधला एक ऑक्सिजन ते काढून घेतात, त्याचं नायट्राइट होतं; पट्टी जांभळी होते ती त्यानंच. ते लाळेबरोबर गिळलं गेलं, की शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. हा वायू जेमतेम काही क्षण टिकतो, पण तेवढ्यात रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल हो म्हणून सांगून जातो. वाहिनी रुंदावते आणि रक्त पुढं सरकतं.

"म्हंजे पाटकऱ्यासारखं," अनुसया म्हणाली. "पाणी धरणात किती का असंना, पाटकऱ्यानं दार उघडलं तरच रानात येणार."

"अगदी तसंच. तरुणपणी वाहिन्यांच्या भिंती हा वायू स्वतःही बनवतात. वय झालं की ते कमी होतं. मग सगळी भिस्त या जिभेवरच्या भाडेकरूंवर. तुमचे भाडेकरू फार कामसू आहेत, आजी. जन्मभर पालेभाजी खाऊन तुम्ही त्यांना पोसलंय."

"विकून उरलेली खाते. त्यात कसलं कौतुक."

मग रेवती मुद्द्यावर आली. दवाखान्यात एक बाई होती. तिच्या पायाच्या वाहिन्या आखडल्या होत्या, अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडत चालली होती. जखमेसाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविकं झाली, त्याआधी तीस वर्षं दिवसातून चार वेळा जंतुनाशक औषधानं चुळा भरायची सवय. जीभ अगदी ओसाड पडली होती. बिटाचा रस पिऊन तोंड तेवढं लाल होत होतं, पट्टी पांढरीच. तीन आठवड्यांत पट्टीवर थोडा जरी रंग आला, तर शस्त्रक्रिया पुढं ढकलता येणार होती. नाहीतर पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता.

उपाय होता, तो म्हणजे एकाच्या जिभेवरचे जीवाणू दुसऱ्याच्या जिभेवर रुजवणं. लोकांनी त्याला थुंकीचं कलम असं नाव ठेवलं होतं. अडचण एवढीच, की परक्या माणसाचे जीवाणू आठवड्यात नाहीसे व्हायचे. पण पाच-सहा वर्षांच्या वयात ज्यांची ओळख झालेली असते, त्या वाणाच्या जीवाणूंना शरीर म्हातारपणीही थारा देतं, हे चार वर्षांपूर्वी ध्यानात आलं होतं. म्हणून कलम करण्याआधी डॉक्टर आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, लहानपणी तुम्ही कुणाचं उष्टं खाल्लंत?

"त्या बाईंचे भाऊ वारले. लहानपणचं बाकी कुणी नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी एक नाव सांगितलं," रेवती म्हणाली. "अन्शी."

अनुसयेच्या हातातली जुडी हातातच राहिली. या नावानं तिला हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

"पबी," ती म्हणाली.

"प्रभावती नलवडे. हो. तुम्ही नाही म्हणू शकता, आजी. कुणी जबरदस्ती करणार नाही."

"ते मला म्हाईत हाय."

अन्शी आणि पबी कृष्णाकाठच्या एका गावच्या. अन्शीचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, पबीचं वेशीच्या आत. अन्शीच्या हातचं काही खायचं नाही, असं पबीला आईनं बजावून ठेवलेलं. पण नदीवर आई नसायची, आणि मळ्यातून पळवलेला पेरू दोघींत एकच असायचा. त्यावर पबीनंच तोड काढली होती. अन्शीनं पेरू आपल्या झग्याच्या टोकात गुंडाळायचा आणि कापडावरून चावून त्याचे दोन भाग करायचे. याला चिमणीचे दात म्हणतात. मध्ये कापड आलं म्हणजे तोंड लागलं नाही, आणि तोंड लागलं नाही म्हणजे उष्टं नाही. झगा रसानं आणि थुंकीनं चिंब व्हायचा तो भाग वेगळा. कायदा मात्र पाळला जायचा.

पुढं पबीचं लग्न मिरजेतच झालं, आणि अन्शीचंही. अन्शी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची, ती पबीच्या मागच्या दाराशी टेकायची. पबीची सासू चहा द्यायची तो एका वेगळ्या कपात. निळ्या फुलांचा, कान तुटलेला कप. खिडकीबाहेरच्या फळीवर तो वेगळा ठेवलेला असायचा. चहा पिऊन झाला की अन्शीनं तो धुवायचा आणि फळीवर पालथा घालायचा. दोन वर्षं तिनं ते केलं. सासूचं तिला काही वाटायचं नाही, तसल्या सासवा तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. मग एक दिवस पबीनं स्वतःच्या हातानं तो कप पुढं केला. अन्शीनं चहा प्यायला, कप धुतला, पालथा घातला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं ती त्या गल्लीत गेली नाही.

घरी तिनं सुनेला सगळं सांगितलं. सून कोमल एका शाळेत कारकून होती, बोलायला रोखठोक.

"आत्या, माझं विचाराल तर देऊ नका," ती म्हणाली. "तुमचा कप चालत न्हवता, आता थुंकी चालती व्हय?"

अनुसयेला राग आला होता आणि तो जुना असला तरी ताजा वाटत होता. पण त्याच्याच आडून सारखे दोन पाय दिसत होते, वाळूतून पुढं पळणारे, टाचा पांढऱ्या पडलेले. पबी नेहमी पुढं असायची. तो पाय कापणार, ही गोष्ट काही केल्या तिला गिळता येईना.

सकाळी ती म्हणाली, "पाय देते. कपाचं मागनं बघू."

नमुना शनिवारी घ्यायचा ठरला. रेवतीनं चारचारदा सांगितलं होतं: सकाळी उठून तसंच यायचं, दात घासायचे नाहीत, चूळ भरायची नाही, चहासुद्धा नाही. अनुसयेनं प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

आणि शनिवारी पहाटे मोरीपाशी उभी असताना तिचा पाय तिथून निघेना. जन्मात तिनं कुणाला काही न धुता दिलं नव्हतं. मेथी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय तिनं गाळ्यावर मांडली नव्हती. आणि आज पारोसं तोंड घेऊन जायचं? तेही नलवड्यांच्या घरात द्यायला? उद्या त्यांच्यातलं कुणी नाक मुरडून म्हणालं, वास बघा, ह्यांचं असलंच असायचं, तर? डॉक्टरीणबाई शिकलेली असली तरी पोर आहे, तिला काय कळतंय. शेल्फवर कोमलची निळ्या औषधाची बाटली होती. अनुसयेनं दोन टोपणं भरून घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खळखळून गुळण्या केल्या. जीभ ब्रशनं खरवडली. मग आणखी एक टोपण घेतलं. तोंडाला पुदिन्याचा वास येईस्तोवर ती थांबली नाही. इस्त्रीचं लुगडं नेसून ती दवाखान्यात गेली.

पट्टी पांढरी राहिली.

रेवतीनं दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. "आजी," ती हळूच म्हणाली, "काही लावलं होतं का तोंडाला?"

अनुसयेनं सांगितलं. रेवती भिंतीला टेकून उभी राहिली. रागवावं असं तिला वाटत असणार, पण ती रागावली नाही, आणि अनुसयेला तेच जास्त लागलं.

"हे औषध त्यांना सरसकट मारतं," ती म्हणाली. "परत येतील, आजी. मुळं खोल आहेत तुमची. पण दोन आठवडे लागतील. मग प्रयोगशाळेत वाढवायला चार दिवस. आपल्याकडं दिवस आहेत सोळा."

दुसऱ्या दिवशी मंडईत प्रभावतीचा मुलगा आला. अविनाश नलवडे, पन्नाशीला टेकलेला, दोन रात्री झोपला नसावा असा चेहरा. भर गर्दीत तो म्हणाला, "द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, बाई. कबूल करून वर धुऊन आलात! म्हाताऱ्या माणसावर असा सूड काढतात का?"

अख्खी मंडई कान टवकारून बसली. आता अनुसया याला सोलून काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या नामांकित जिभेला त्या दिवशी शब्द सुचला नाही. ती जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली आणि अविनाश निघून गेला. त्याचा बोल खोटा होता, पण पाय जाणार होता तो तिच्याच गुळण्यांनी, हे खरं होतं.

त्या दिवसापासून अनुसयेनं जिभेची शेती सुरू केली. सकाळी चाकवत, दुपारी बीट, संध्याकाळी माठ. मीठमिरची नावापुरती. कोमलनं निळी बाटली गटारात ओतली. रेवतीनं दिलेल्या पट्ट्या अनुसया रोज दुपारी चाटायची आणि उजेडात धरायची. पहिले पाच दिवस पांढरी. सहाव्या दिवशी कडेला जरा रंग आल्यासारखा वाटला, पण तो बिटाचा निघाला. नवव्या दिवशी खरोखरच गुलाबी झाक आली. शेजारचा लसूणवाला रोज विचारायचा, "आज्जी, उगवलं का?" आणि ती म्हणायची, "तू गप लसूण सोल."

अकराव्या दिवशी ती प्रभावतीला भेटायला गेली.

खोलीत प्रभावती एकटी होती. वाळून एवढीशी झालेली, पाय पांढऱ्या जाळीखाली झाकलेला. अनुसया दारात उभी राहिली. दोघींनी एकमेकींचं म्हातारपण पाहून घेतलं.

"ये की, अन्शे," प्रभावती म्हणाली. "पोरगा काय काय बोलला म्हणे तुला. त्याला म्हटलं, सूडच घ्यायचा असता तर ती आलीच नसती. न येणं तिला जमतं. चांगलं जमतं."

अनुसया खुर्चीच्या टोकावर टेकली. "तोंड धुतलं मी," ती म्हणाली. "सांगितलं हुतं तरी धुतलं. माझ्याच हातनं झालं."

"का गं पण?"

"तुझ्या घरात द्यायचं हुतं. तुझ्या घरातला कप जसा धुवायची, तसं धुतलं."

प्रभावतीनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

"त्या दिवशी कप मीच दिला तुला," ती म्हणाली.

"व्हय."

"सासूनं द्यायला लावला, असं मी पोरांना सांगितलं. ह्यांनाही सांगितलं. अन्शे, सासू त्या दिवशी घरात नव्हती. माहेरी गेली होती. माझा हात आपोआप त्या फळीकडं गेला."

"मला म्हाईत हाय," अनुसया म्हणाली. "दारात तिच्या चपला न्हवत्या."

प्रभावतीनं माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर ती कुठं ठेवावी हे अनुसयेला कळलं नसतं. ती उठली, जाळीखालच्या पायाकडं तिनं नजर टाकली आणि म्हणाली, "उद्याच्याला पट्टी जांभळी व्हईल. न्हाई झाली तर मी हाय आणि ती पट्टी हाय."

पट्टी जांभळी झाली, पण उद्या नाही, तेराव्या दिवशी. अनुसया ती घेऊन धावतच रेवतीकडं गेली. रेवती हसली आणि मग गंभीर झाली. "फार छान. पण वाढवायला चार दिवस, रुजायला निदान तीन. शस्त्रक्रियेचे डॉक्टर सोमवारी पट्टी बघणार. आज शुक्रवार आहे."

"वाढवायचं कशाला?"

"कारण पद्धत तशी आहे, आजी. मोजून, गाळून, पापडीसारख्या पातळ थरात घालून द्यायचे."

"आमाला नदीवर कुणी पापडी दिली हुती?"

रेवतीनं अनुसयेच्या तपासण्यांचे कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले. रोग नाही, दात किडलेला नाही, हिरड्या ठणठणीत. मग तिनं वरिष्ठांना फोन लावला आणि व्हरांड्यात पंधरा मिनिटं वाद घातला. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"पेरू असतो का मंडईत आत्ता?" तिनं विचारलं.

पेरू अनुसयेच्या पिशवीतच होता. खोलीत अविनाश होता, तो उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला. प्रभावतीला उशीला टेकवून बसवलं होतं. अनुसयेनं पेरू काढला, पुसला आणि पदराचं टोक ओढून त्यात गुंडाळला. साठ वर्षांपूर्वीची सवय, हात स्वतःच चालत होते. ती चावणार तोच प्रभावती म्हणाली, "पदर काढ, अन्शे."

अनुसयेनं तिच्याकडं पाहिलं, मग रेवतीकडं. रेवतीनं मान हलवली. "कापड नको, आजी. आपल्याला उष्टंच हवंय."

अनुसयेनं पदर सोडला. पेरूचा लचका तोडला, उरलेला सगळीकडून चांगला चाटला आणि पुढं केला. प्रभावतीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि बरोबर त्याच जागी दात लावले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम चालला. दुसऱ्या दिवसापासून पेरू आणायचं काम अविनाशनं आपल्याकडं घेतलं. पेरू तो निवडून निवडून आणायचा.

सोमवारी प्रभावतीच्या पट्टीवर रंग आला. अगदी फिका, साबणाच्या पाण्यात कुंकू सांडावं इतपत. शस्त्रक्रियेचे डॉक्टर आठवडाभर थांबले, मग आणखी एक आठवडा. चकतीवरचा आकडा हळूहळू खाली उतरला, तळपाय कोमट लागायला लागला. दोन बोटं गेली. पाय राहिला.

दिवाळीनंतर एका दुपारी अनुसयेच्या दारात रिक्षा थांबली. काठी टेकत, एकेक पाऊल मोजत प्रभावती आत आली. या घरात ती कधीच आली नव्हती. कोमलनं खुर्ची पुढं केली, तिकडं न बघता ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "कपाचं बघायला आले."

अनुसयेनं चहा टाकला. घरातले रोजचे कप, त्यांतलाच एक तिनं भरून पुढं ठेवला. प्रभावतीनं हात लावला नाही.

"आधी तू घोट घे."

"आता कशाला? तुझी जीभ पेरून झाली."

"पायासाठी झाली. कपासाठी नाही झाली."

अनुसया थोडा वेळ कप हातात धरून बसली. मग तिनं एक घोट घेतला आणि कप तिच्या हातात दिला. प्रभावतीनं चहा सावकाश, शेवटपर्यंत प्यायला. मग काठी धरून ती उठली आणि रिकामा कप घेऊन मोरीकडं निघाली. कोमल घाईघाईनं पुढं झाली, "अहो राहू दे, मी धुते," तशी अनुसयेनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

मोरीतून पाण्याचा आवाज आला. आठ बोटांच्या पायांवर तोल सांभाळत प्रभावतीनं कप विसळला, पुन्हा विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. अनुसया बसून बघत राहिली. तिनं नको म्हटलं नाही.